बंद नेटातली फवारणी

माहं गाव लोनार तालुक्यातल्या बीबीपासून सात-आठ किलोमीटर आत हाय, नाव राहू द्या, तुमी लिहान अन् लोकं लगेच ओळखतीन का हा तं विलास हाय म्हनून. तसं आता सगळ्यायले माहीत झालंच हाय, पन तोंडातलं येगळं अन् कागदावरचं येगळं. बाप दोन एकराचा धनी, पान्याच्या भरवशावरचं वावर, त्यात तूर अन् सोयाबीन, अन् बाकीचे दिस दुसऱ्याच्या कामाले. दोन बहिनी मोठ्या, मी शेंडेफळ. दहावीले दोन डाव बसलो, दोन्ही डाव इंग्रजीनं पाडलं, तिसऱ्या डावाले बाप म्हने, राहू दे बे, इंग्रजीचं अन् आपलं काई जमत नाही. हसतच म्हनला, मारलं-बिरलं नाही, गरीब स्वभावाचा होता माहा बाप. तो गेला तवा मी वीस-एकवीसचा असन. मंग घरात माय अन् मी.

तवाच आमच्या भागात हे नेट आले. तुमी एसटीतून येतानी पाह्यले असतीन, हिरव्या-पांढऱ्या जाळीचे मांडव, वावरावावरात. त्यात कंपनीचं बियानं तयार होते, मिर्चीचं, टमाट्याचं, काकडीचं. आता हे काम कसं राहते ते आधी सांगतो, नाहीतं पुढचं तुमाले समजनार नाही. एकीकडे मादीचे झाडं, एकीकडे नराचे. मादीच्या झाडावरची कळी फुलायच्या आधी बाया तिच्यातला नराचा भाग चिमट्यानं काढून घेतात, अन् दुसऱ्या दिशी सकाळी नराच्या झाडाचा पराग बोटानं त्या फुलाले लावतात. क्रॉसिंग म्हनतात त्याले. एक एक फूल हातानं करा लागते भाऊ, हजारो फुलं. अन् हे सारं बंद नेटमधी, काऊन का बाहेरची मधमाशी घुसली अन् दुसराच पराग लावून गेली तं बियानं फेल. म्हनून दाराले दोन-दोन पडदे, एक लावल्याशिवाय दुसरा उघडाचा नाही. क्रॉसिंग बायायचं काम, त्यायचे बोटं बारीक अन् धीर जास्त. मानसाच्या पाठीवर पंप.

मी दिनकरभाऊच्या प्लॉटवर लागलो. दिनकरभाऊ गावातलेच, चार नेट त्यायचे, मानूस चांगला, ते पुढं सांगतो. फवारा मारन्यात माहा हात असा बसला का काय सांगू तुमाले, बाकीचे मारत तं एक पान वलंचिंब अन् एक कोरडं, माहा फवारा पानाच्या खालून वर जाये, दव पडल्यावानी सारखा. पार लोनारच्या रस्त्यावरच्या प्लॉटवाले बोलवाले येत, विलासले धाडा म्हने, त्याच्या हाताले गुन हाय. मले त्याचं लय वाटे. दहावी नापास मानूस मी, पन कोनत्या किडीले कोनतं औषध, पंपाले किती झाकनं, कशात काय मिसळलं तं फाटते अन् कशात काय चालते, सारं तोंडपाठ. कृषी केंद्रवालाही मले इचारे, विलास, या डावाले थ्रिप्स किडा कशानं मेला रे. अन् मी सांगो, छाती फुगवून सांगो.

आता फवारायची येळ म्हनजे बाया घरी गेल्यावर, ऊन उतराच्या आधी. बाहेरच्या वावरात कसं, वारा राहते, औषध वाऱ्यासंगं निघून जाते. नेटमधी वारा नाही. तुमी फवारत चालले का मांगं धुकं तसंच लटकून राहते, अन् परतीच्या वळीले तुमाले त्याच धुक्यातून यावं लागते. उन्हाळ्यात आत अशी भट्टी का उभा मानूस घामानं निथळून जाये. दिनकरभाऊनं किट आनून देली होती, खोटं कशाले बोलू, कोट, हातमोजे, चष्मा, तोंडाचा मास्क, पिशवीत बंद, शेडमधी खिळ्याले टांगलेली. कंपनीचा सुपरवायझर आला का तो पिशवीकडे पाहे अन् वहीत लिहून घे, किट हाय. हाय ना. पन घालन कोन? बाहेरही घालवत नाही, आत तं मानूस शिजून जाईन. मी आपला बनियन अन् अर्ध्या चड्डीवर, तोंडाले दुपट्टा. पंप पाठीवर गळे तं पानी कमरेवरून खाली जाये, चड्डी वली होये, गार वाटे, बरं वाटे. आता म्हनतो मी बरं वाटे म्हनून, अन् माह्याच आंगावर काटा येते. नोझल अडकली का तोंडानं फुंकायची. काम झालं का गुळाचा खडा खायचा, का गुळानं औषधाचा उतारा होते. कोनी सांगतलं? कोनी नाही, सगळेच खात. अन् माहा एक हिशेब होता, ज्याले वास जास्त ते जहाल, ज्याले वास नाही ते साधं. वास नसलेलं औषध मी हातानंच ढवळो, काडीही नाही घेत जो. डाक्टरनं नंतर सांगतलं का वासाचा अन् जहराचा काई संबंध नाही. अकरा वर्सं मी नाकावर भरवसा ठेवला.

हे मधीच राह्यलं, रेखाचं सांगाचं. रेखा माही बायको. तिचं माहेर हिवरा आश्रमाच्या अलीकडे, मेहकर तालुक्यात. लग्न झालं तवा मी दोन वर्सं आधीपासून फवाऱ्यावर होतो. चांगलं चाललं होतं आमचं, म्हनजे भांडनं होत, पन हसू जास्त. तिले माही नक्कल करता ये, मी फवारतो कसा, मान वाकडी करून, जीभ बाहेर काढून, ते करून दाखवे अन् माय सुद्धा पदर तोंडाले लावून हासे. माहे फवाऱ्याचे कपडे ती हातानं धुये, दगडावर, घरच्या कपड्यायच्या येगळे, एवढी अक्कल तिले होती, मले नव्हती. एक वर्स गेलं, दोन गेले, तीन गेले. आमच्याकडे तिसऱ्या वर्साले लोकं इचारत नाहीत, पाहतात. बाईच्या पोटाकडे पाहतात अन् मंग तोंडाकडे.

मंग सुरू झालं. मेहकरचा दवाखाना, मंग बुलडान्याचा, मंग कोनी सांगतलं म्हनून संभाजीनगरचा. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, नळ्या तपासल्या, ते लय दुखते म्हने, ती एसटीत माह्या खांद्यावर डोकं टेकवून आली. सगळं नीट. सगळे डाक्टर म्हनत नीट हाय, तरी गोळ्या देत, अन् ती खाये. मायनं सोमवार धरले तिच्यासाठी, तिलेही धराले लावले. एका बाबाकडूनही आनलं काईतरी पानात बांधून, ते तिनं खाल्लं अन् दोन दिस वकत राह्यली. मी तिच्यासंगं सगळीकडे जात जो, असं नाही का पाठवून देत जो एकटीले. गाडीवर बसवून नेत जो, बाहेर बाकड्यावर बसत जो, चहा पेत जो. पन आत कधी गेलो नाही. माह्या डोक्यात आलंच नाही का आत माहंही काई काम असन. बुलडान्याच्या बाईडाक्टरनं तिच्या फाइलीवर खाली लिहून देलं होतं, नवऱ्याची तपासणी करावी. रेखानं मले सांगतलं. मायनं ऐकलं अन् म्हने, माह्या लेकाले काय धाड भरली, पन्नास किलोचं पोतं एका हातानं उचलते तो. मलेही तसंच वाटलं. पोतं उचलतो ना मी.

आता तुमी इचारसान का दुसरं काई जानवलं नाही का रे तुले. जानवलं. डोकं दुखे, फवाऱ्याच्या दिशी डोळ्यासमोर धुक्कट दिसे, हात थरथरे. अन् ते, म्हनजे मन होत नसे. महिना-महिना मन होत नसे. मले वाटे थकलो म्हनून. रेखाले वाटे का तिच्यावरून माहं मन उडालं. हे तिनं मले मागच्या वर्सी सांगतलं, तोपर्यंत तिनं ते एकटीनंच मनात ठेवलं.

नऊ वर्सं झाले तवा माहा मामा मधी पडला. मामा म्हनजे मायचा भाऊ, बोलनारा मानूस, चार गावात त्याचा शब्द चालते. तो म्हने, अक्का, वाट पाहून पाहून पोराचे केस पांढरे होतीन. मायनं मले सांगतलं, दिवाळीनंतर तिले थोडे दिस माहेरी सोडून ये. थोडे दिस म्हनजे काय ते मले समजलं होतं. मी समजलो नाही असं दाखवलं. गाडीवर बसवलं अन् सोडून आलो. तिनं एकच पिशवी घेतली होती, पंधरा दिसाची. तिच्या बापानं मले जेवून जा म्हनलं, मी म्हनलं फवारा हाय.

घर खाली झालं अन् मले काई सुचे नाही. एक दिस पत्र्याच्या पेटीत आधार कार्ड शोधत होतो तं तिची फाइल हाती लागली, अन् ते खाली लिहिलेलं दिसलं. काऊन गेलो मी ते मले आजही सांगता येत नाही. शंका होती का? असन. का मायच्या हाती कागद देता यावा, पाय, लेक ठनठनीत हाय तुहा, म्हनून गेलो? तेही असन. संक्रांतीच्या आधी, घरी सांगतलं पंपाचं सामान आनाले चाललो, अन् बुलडान्याले गेलो. तिथं त्या लॅबमधल्या पोरीनं मले डबी देली अन् तिकडे संडासाकडे बोट दाखवलं. सांगू का नको भाऊ, संडासाची कडी तुटलेली, एका पायानं दार दाबून धरलं, बाहेर कोनीतरी फोनवर वांग्याचा भाव इचारून राह्यला. त्यात मानसानं काय करावं. तासभर लागला. बाहेर आलो तं वाटलं सारी लॅब माह्याकडे पाहून राह्यली, पन कोनी पाहत नव्हतं.

रिपोर्टावर लिहिलं होतं निल. इंग्रजी मले येत नाही, पन निल समजते, कंपनीच्या कागदावर असते तो शब्द, आलेला माल निल. मंग डाक्टरकडे बसलो. डाक्टर मानूस शांत, त्यायनं चष्मा काढला अन् म्हनले, काम काय करता. मी म्हनलं फवारा. किती वर्सं? म्हनलं अकरा. कुठं, उघड्यावर का आत? मी सांगतलं. कपडे कोनते घालता? ते सांगतलं. मंग त्यायनं सांगतलं का शुक्राणू एकही नाही, अन् काई औषधायनं असं होऊ शकते, आंगातून मुरते ते, कातड्यातून, विशेष करून खालच्या नाजूक जागी लवकर मुरते. मी म्हनलं मंग औषधानंच झालं ना? ते म्हने, तसं लिहून नाही देता येनार, दुसरं कारनही असू शकते, जन्मापासूनचं असू शकते, कधीचा गालगुंड असू शकते. मी म्हनलं बरं होईन का? ते म्हने, फवारा बंद करा, तीन-चार महिन्यानं परत तपासू, काईयचं परत येते, काईयचं नाही येत. म्हनजे हो का नाही? ते म्हने, होही म्हनत नाही अन् नाहीही म्हनत नाही. आता हे मी घरी कसं सांगू. तुमी शिकलेले हा, तुमाले समजलं असन, मले तं असं झालं का एका हातानं देलं अन् दुसऱ्या हातानं काढून घेतलं.

अन् नाही सांगतलं मी. इथंच माहं चुकलं, अन् हे मी तुमाले पह्यल्यांदा सांगून राह्यलो. तो कागद घरी नेला नाही. शेडमधी ती किटची पिशवी होती ना खिळ्याले, कधीच न उघडलेली, तिच्यात घातला. मले माहीत होतं तिच्यात कोनी हात घालनार नाही.

मंग काय काय केलं मी. दोन दिस किट घातली. लोकं हासले, शेषराव म्हने, काऊन बे, चंद्रावर चालला का. शेषराव म्हनजे माह्यासंगं फवारनारा, माह्याहून चार वर्सं जुना. त्याले मी आडून-आडून इचारलं, तुले कधी काई त्रास? तो म्हने, मले काय त्रास, तीन लेकरं हायेत. आता सांगा. तोच पंप, तेच औषध, तोच नेट, तोही तसाच चड्डीवर, अन् त्याले तीन. मंग मले वाटलं का औषधाचं काई नसन, मीच जन्मापासून तसा असन. मंग वाटे, नाही, डाक्टरनं इचारलं तवा त्याचा चेहरा बदलला होता. कृषी केंद्रवाल्याले म्हनलं, याच्यानं मानसाले काई होते का? तो हासला, डब्यावर चित्रं काढले हायेत ना, हातमोज्याचं, चष्म्याचं, पाह्यले नाही का कधी? पाह्यले होते. अकरा वर्सं पाह्यले, जसं एसटीत लिहिलेलं राहते तसे पाह्यले. दिनकरभाऊवर राग काढावा तं त्यायनं किट देली होती. कंपनीवर काढावा तं कंपनी कुठं राहते ते मले माहीत नाही, सुपरवायझर येते, तो तं माह्याच वयाचा, त्याचंही लग्न जमून नव्हतं राह्यलं. मंग राग कोनावर काढावा? काई दिस माह्या मायवरच काढला, भाजीत मीठ जास्त हाय म्हनून ताट सरकवलं.

अन् रेखाचा फोन ये. आठ दिसाला एक. म्हने, कवा येता घ्याले? मी म्हनो, येतो, काम हाय. ती म्हने, आत्याबाईले म्हना मी उपास सोडले नाहीत. मी फोन ठेवून द्यो. सांगाचं होतं मले, देवाशपथ, दर डाव सांगाचं होतं. पन मानूस म्हनवून घ्याचं असते ना भाऊ. बाईले वांझ म्हनलं तं ती रडते अन् कामाले लागते. मानसाले काय म्हनतात ते तुमाले माहीत हाय, अन् आमच्या पारावर तं ते आडूनही म्हनत नाहीत.

तिकडे मामानं जागा पाह्यली. एक बाई होती, नवरा अपघातात गेलेला, पाच वर्साची पोरगी. माय लय खूश. लोकं म्हनले, पोटची पोरगी घेऊन येनार, चालन का? माय म्हने, म्हनूनच तं पसंत केली, हिची कूस उजवलेली हाय, हिच्यात संशयाले जागा नाही. रेखाच्या बापाकडून मामानं फारकतीचं कबूल करून घेतलं होतं, त्या मानसानं मान खाली घालून हो म्हनलं होतं. आखाजीच्या, म्हनजे अक्षय तृतीयेच्या, चार दिस आधी बैठक बसली, त्या बाईच्या भावाच्या घरी. सतरंजीवर पंधरा-वीस मानसं, चहा झाला, पोहे झाले, ती बाई येऊन पाया पडून गेली, तिची पोरगी दारातून माह्याकडे पाहून राह्यली. मंग सुपारी फोडाची येळ आली. आमच्यात सुपारी फुटली का शब्द पक्का, मंग मांगं फिरता येत नाही. एका म्हाताऱ्यानं अडकित्ता घेतला, सुपारी मधी ठेवली. अन् मी म्हनलं, थांबा. दोष माह्यात हाय. तपासलं मी. माह्यात काईच नाही.

मामा म्हने, काय बोलून राह्यला बे तू. मी परत सांगतलं. माय बायायमधी बसली होती, ती उठली अन् बाहेर गेली. त्या बाईचा भाऊ सतरंजीवरून उठून माह्याजवळ आला, मले वाटलं मारते. त्यानं माहे दोन्ही हात धरले. म्हने, भाऊ, माही बहीन एकदा मेलीच होती, दुसऱ्यांदा मराची तुमी वाचवली. म्हातारा म्हने, असा खरा मानूस पाह्यला नाही. गावभर तेच झालं. पारावर लोकं हासतीन वाटलं होतं, हासलेही काईजन, पन जास्त लोकं म्हनत, असं बोलाले छाती लागते, ती विलासनं दाखवली.

पन मी तुमाले खरं सांगतो, मी खरेपनानं बोललो का भेवानं ते मले माहीत नाही. बसल्या बसल्या माह्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? हिले तं लेकरू हाय. हिच्याशी लग्न केलं अन् वर्सा-दोन वर्सात काई झालं नाही, तं मंग कोनाच्या पोटाकडे पाहतीन? रेखावर ढकलता आलं, हिच्यावर ढकलता येनार नाही. तवा मीच उघडा पडीन. त्यापरस आताच बोललेलं बरं, आता बोललो तं खरा मानूस, मंग समजलं तं खोटा. हे आधी आलं का त्या बाईची दया आधी आली, मले सांगता येत नाही. त्या दारातल्या पोरीकडे माही नजर परत परत जाये हेही खरं. सगळं एकाच येळी झालं.

दुसऱ्या दिशी मी रेखाले आनाले गेलो. तिच्या बापानं दारातच मले हात जोडले. माह्याहून तीस वर्सानं मोठा मानूस, मले हात जोडते, लाज वाटाले पाह्यजे होती मले, वाटलीही, पन मी त्याचे हात खाली केले नाही, तसाच उभा राह्यलो. रेखाले सांगतलं, रिपोर्ट असा असा आला. ती म्हने कवा? अन् माह्या तोंडातून निघून गेलं, परवा. निघून गेलं म्हनतो मी, जसं काई मी नाही बोललो. ती रडाले लागली. मले वाटलं सुटली म्हनून रडते. ती म्हने, नऊ वर्सं मी माह्याच आंगात चोर पाहत होते हो, तुमच्याकडे पाहाचं राहूनच गेलं, तुमाले काई झालं म्हनून. ती माह्यासाठी रडून राह्यली होती. घरी आल्याबरोबर तिनं माहे फवाऱ्याचे सगळे कपडे जाळले. चड्डी नवी होती एक, तीही.

फवारा बंद केला मी. दिनकरभाऊ म्हने, विलास, मले माहीत असतं तं मी जबरीनं घालाले लावली असती किट. असन बाप्पा. आता त्यायच्याच प्लॉटवर मी क्रॉसिंग करतो, बायायसंगं, रेखा एका वळीत, मी दुसऱ्या वळीत. पह्यले बाया हासत, आता नाही हासत, चिमटा कसा धरावा ते त्यायनंच शिकवलं. शेषरावले अन् नव्या पोट्ट्यायले सांगतो, घाला रे किट, फुंकू नका रे नोझल. शेषराव म्हने, मले तीन हायेत, तू तुहं पाय. त्याचं तरी काय चुकलं, त्याच्याकडे तीन हायेत. माय आता मले वाढतानी तूप जास्त टाकते. एक डाव म्हने, औषधानं किडे मरतात रे, मानसाचं काय होते. मले वाटलं समजावून सांगावं, अन् मलेच समजलं नाही ते तिले काय सांगू.

दुसरा रिपोर्ट आला, रेखासंगं गेलो होतो या डावाले. डाक्टर म्हने, थोडे दिसले, पन जाग्यावरच हायेत, हालत नाहीत. मी म्हनलं हे चांगलं का वाईट? ते म्हने, आधी नव्हते, आता हायेत. मंग औषधानंच झालं होतं ना, बंद केलं म्हनून आले ना? ते म्हने, असं वाटते, पन मी छातीठोक सांगू शकत नाही. घरी येतानी रेखा गाडीवर मांगं बसून म्हने, हायेत म्हनले ना, मंग. तेवढ्यावर ती दोन महिने हासून राह्यली.

अन् ती सगळ्यायले सांगते भाऊ, नळावर, प्लॉटवर, माहेरी, का माह्या मानसाले समजलं तसं त्यानं दुसऱ्या दिशी चारचौघात सांगतलं, एक दिस लपवलं नाही. तिच्या बहिनीच्या नवऱ्याचं काई झालं का माहं उदाहरन देते. मी तिथं असलो तं उठून जातो. तिले वाटते लाजतो.

औषधानं झालं का अजून कशानं, ते डाक्टरले सांगता येत नाही तं मले कुठून येईन. कोनावर बोट ठेवू मी. पन संक्रांतीपासून आखाजीपर्यंत ती एका पिशवीवर माहेरी बसली, उपास करत बसली, अन् कागद माह्याजवळ होता, हे कोन्या औषधानं नाही केलं, हे मी केलं. कितीकदा तिच्यासमोर सांगाले बसतो अन् पानी मांगून घेतो. म्हनून तुमी आले तवा मी हो म्हनलं. तुमी लिहा. नाव नका लिहू गावाचं, पन हे लिहा, संक्रांतीच्या आधी समजलं अन् आखाजीले बोललो, मधलं काई गाळू नका. रेखा बारावी शिकली हाय, माह्याहून चांगलं वाचते. छापून आलं का पह्यले तिच्याच हाती देईन. मंग ती राहो का जावो, काई म्हननार नाही मी. ती जिथं राहीन तिथं देव तिचं भलं करो.